राखीव दिवा

आईने पिशवीतून एकेक पेला काढला आणि जेवणाच्या टेबलावर मांडला. दिव्यांचे छोटे काचेचे पेले, प्रत्येक शिवणातून उरलेल्या कापडात गुंडाळलेला. चार.

मुलगी समोर बसून बघत होती. दर शुक्रवारी सूर्य मावळण्याआधी शब्बाथचे, ज्यू लोकांच्या विश्रांतीच्या दिवसाचे, दिवे लावायचे, ते घरातल्या बाईने लावायचे आणि एकदा धरलेली संख्या पुढे कधी कमी करायची नाही, मग आपण आपल्या घरी असू की दुसऱ्याच्या. हे तिला पाठ होतं. दोन दिवे शब्बाथचे आणि दर मुलामागे एक. आई हे आजीकडून शिकली, आजी पणजीकडून. मुलगी एकुलती एक, म्हणजे आईचे तीन व्हायला हवे होते. लहानपणी तिने ही चूक पकडली, तेव्हा बाबा म्हणाले, चौथा राखीव, एखादा विझला तर. आईने ते खोडून काढलं नाही. मग तो घरातला विनोदच झाला. कपाटातून एखादी जास्तीची छत्री निघाली तरी बाबा म्हणायचे, हा बघ तुझ्या आईचा चौथा दिवा.

"बसच्या गर्दीत राखीवसुद्धा आणलास?" मुलीने विचारलं. पूर्वी हे म्हणताना ती हसली असती.

आई वाती वळत राहिली.

मुलगी पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरीला होती. सोमवारपासून ती पुन्हा कामावर जात होती. बाटल्यांना चिठ्ठ्या लावायची, यंत्र सुरू करायची, आकडे उतरवून घ्यायची. हात कुठेच चुकत नव्हते. सगळे म्हणाले, बरी सावरली. तिला स्वतःला काही वाटतच नव्हतं. दात काढण्याआधी सुई टोचली की गाल दुसऱ्या कुणाचा तरी वाटतो, तसं सगळं अंग झालं होतं.

बाळाचे दिवस पूर्ण भरले होते. जन्मलं तेव्हा त्यात श्वास नव्हता. सासरे प्रार्थनास्थळातल्या जाणत्यांना विचारून आले. महिनाभरही न जगलेल्या बाळासाठी सात दिवस सुतकाला बसायचं नसतं, असं त्यांनी खाली बघत सांगितलं. ते प्रेमानेच बोलले होते. नियम समजायला सोपा होता. तिने मान हलवली, भांडी विसळली आणि त्या शुक्रवारी दिवे लावले नाहीत. नंतरच्या शुक्रवारीही नाही. दोन लावावेत तर हात पुढे होईना. तीन लावावेत तर तिसरा कुणाच्या हिशेबात धरायचा? त्यापेक्षा अंधार बरा. नवऱ्याने नुसतं फोन करून तिच्या आईला बोलावून घेतलं.

आईने आपल्या चार पेल्यांत तेल ओतलं आणि दिवे लावले. मग दोन्ही तळव्यांनी डोळे झाकून ती उभी राहिली. प्रार्थना एका वाक्याची, पण आई नेहमीच खूप वेळ उभी राहायची. लहानपणी भूक लागली की मुलगी तिचा पदर ओढायची, इतका वेळ मागतेस तरी काय? आई म्हणायची, मागत नाही गं, जरा बोलते.

आज तिने हात खाली घेतले, स्वयंपाकघरात गेली आणि मुलीचे दोन पेले घेऊन आली. त्यांच्या शेजारी तिने एक तिसरा ठेवला. साधा, पाणी प्यायचा. तिन्हींत तेल ओतलं, वाती सोडल्या आणि काडेपेटी मुलीपुढे सरकवली.

मुलीने काडी ओढली. पहिला लावला. दुसरा लावला. मग हात थांबला.

"हा उचल, आई. आमचे दोनच."

"कोण म्हणतं?"

"तू ऐकलंस ना सगळं. ते बाळ मोजायचं नसतं."

"बसायचं नसतं, एवढंच म्हणालेत ते," आई म्हणाली. "दिव्यांचं त्यांना कुणी विचारलं?"

काडीची ज्योत मुलीच्या बोटांकडे सरकत होती. आईने आपल्या चौथ्या पेल्याची वात आपल्या विझलेल्या काडीच्या टोकाने थोडी वर सारली. झोपलेल्या पोराचं पांघरूण सारखं करावं, तशी.

"आणि हा राखीव नाहीये गं," ती म्हणाली. "हा तुझा दादा."

चटका बसला. कित्येक दिवसांनी तिला काहीतरी दुखलं. तीच काडी तिने तिसऱ्या वातीला लावली.