फुंकून पिणारा माणूस

टेबलावर नकाशा मावेना, तेव्हा तिने तो सरळ फरशीवर पसरला आणि कोपऱ्यांवर घरातल्या चपला ठेवल्या. एका बाजूला थोरली लेक पालथी पडली, दुसऱ्या बाजूला धाकटा मुलगा. थीम पार्क नकाशाच्या पार वरच्या टोकाला होतं. चौदा तासांचा रस्ता, मध्ये एक मुक्काम.

दातांच्या दवाखान्यात पेशंटना वेळा देणं हे तिचं काम. त्यामुळे या प्रवासातही तिने प्रत्येक गोष्टीला वेळ नेमून दिली होती. निघायचं पहाटे पाचला, चहा साडेसातला आणि घाट उतरल्यावर धाकट्याच्या ओकारीसाठी दहा मिनिटं राखीव.

"ओकारी झालीच नाही तर?" धाकट्याने विचारलं.

"तर दहा मिनिटं लवकर पोचू."

नवरा दारात उभा राहून ऐकत होता. कुठलं पार्क ते कळल्यावर म्हणाला, त्यापेक्षा समुद्रावर जाऊ या की. तिला हे अपेक्षितच होतं.

तो सरकारी खात्यात यंत्रांचा तपासनीस होता. इमारतींच्या लिफ्टपासून कारखान्यांतल्या क्रेनपर्यंत सगळं गावोगाव फिरून तपासायचं आणि दाखला द्यायचा. घरातही तेच. कुलूप लावलं की ओढून बघायचं, अर्ध्या जिन्यातून परत यायचं, पुन्हा ओढायचं. तोंड न भाजताही ताक फुंकून पिणारा माणूस. तिच्या भावाने तर त्याचं नावच 'फुंकर' ठेवलं होतं.

पहिल्या आठवड्यात त्याने गाडीच्या झिजलेल्या टायरांची सबब काढली. ती म्हणाली, दादाची मोठी गाडी नेऊ, नवी कोरी आहे. दुसऱ्या आठवड्यात त्याने ऐकलं की रस्त्याचं काम चालू आहे. तिने दोन ठिकाणी फोन करून ते कधीच संपल्याची खात्री करून घेतली. मग धाकट्याची सर्दी निघाली, ती औषधाने गेली. शेवटी तो म्हणाला, मला रजाच मिळत नाही.

"मग आम्ही दादाबरोबर जातो," ती म्हणाली.

खरं तर तिला हायसं वाटलं. तो बरोबर असता तर दर पेट्रोल पंपावर उतरून चाकं बघितली असती. त्या संध्याकाळी जेवताना तिने त्याची नक्कल केली, कुलूप कसं ओढतो, मान कशी वाकडी करतो. जेवायला आलेला मुलांचा मामा पोट धरून हसला. धाकटा हसला. सगळ्यांचं बघून थोरलीही हसली, आणि तोही थोडा हसला.

निघायच्या पहाटे त्याने गाडीतला एकेक पट्टा हिसका देऊन पाहिला. मग थोरलीला फाटकापाशी बाजूला घेतलं आणि वाकून काहीतरी सांगितलं. थोरलीने मान हलवली. मामाने हॉर्न वाजवला.

प्रवास घड्याळासारखा झाला. फक्त धाकटा घाट लागण्याआधीच ओकला.

दुसऱ्या दिवशी लॉजवर नाश्ता चालू असताना नवऱ्याचा फोन आला. झोप झाली का, पोरं कशी आहेत, असं बराच वेळ इकडचं तिकडचं झालं.

"तिथे ती उंच राइड आहे," तो म्हणाला. "आकाशझेप. तिच्यात पोरांना बसवू नकोस."

"का?"

"धाकट्याचे कान दुखतात."

ती उठून बाहेर गेली. "हे बघ, खरं कारण सांग. एकदाच. पटलं तर नाही बसवणार."



"काही नाही," तो म्हणाला. "जपून."

आकाशझेप पार्कच्या मधोमध होती. उंच मनोऱ्याभोवती खुर्च्यांचं कडं. ते सावकाश वर जायचं, टोकाला थबकायचं आणि एकदम खाली यायचं. तासभर रांगेत उभं राहून नंबर आला, तेव्हा थोरली मागे सरली. मी खाली थांबते म्हणाली. धाकट्याचा हातही सोडेना. फार खोदून विचारल्यावर डोळे भरून आले आणि बोलली. बाबांनी शपथ घातली होती, तू बसायचं नाही आणि त्यालाही बसू द्यायचं नाही.

ते ऐकून तिच्या अंगाचा तिळपापड झाला. स्वतः भित्रा तो भित्रा, आणि आता पोरीलाही तसंच करायला निघालाय.

तिने थोरलीची हनुवटी वर केली. "बाबांचं आयुष्य फुंकण्यात गेलं. तुला तसं व्हायचंय?"

थोरलीने नाही म्हणून मान हलवली. मग डोळे पुसले आणि जाऊन बसली. एका बाजूला धाकटा, दुसऱ्या बाजूला मामा. पिशव्या सांभाळायला कुणीतरी हवं म्हणून ती स्वतः खाली राहिली. पट्टे बसले, भोंगा वाजला आणि खुर्च्या वर सरकू लागल्या.

वर बघून बघून मान दुखायला लागली, म्हणून तिने नजर खाली घेतली. कठड्याला काचेच्या चौकटीत एक कागद लावलेला होता. लिफ्टमध्ये असतो आणि कुणी वाचत नाही, तसला. ती वाचू लागली. 'यंत्र प्रत्यक्ष चालवून तपासले. सर्व भाग सुरक्षित आढळले.' खाली तिच्या नवऱ्याचं नाव होतं, आणि मुलांच्या प्रगतिपुस्तकावर असते तीच नीटनेटकी सही.

तिला हसूच आलं. इथवर येऊन गेला, आणि घरी एका शब्दाने बोलला नाही. म्हणजे पोरं घरच्याच माणसाच्या भरवशावर वर गेली होती. तिच्या जिवातली उरलीसुरली धाकधूक निघून गेली. आता घरी गेल्यावर त्याची बरी फिरकी घेता येणार होती.

मग तिने तपासणीची तारीख वाचली. तो थोरलीचा यंदाचा वाढदिवस होता. त्या दिवशी तो तापाने फणफणत होता, आणि पलंगावरून उठून दारापर्यंतही गेला नव्हता.