मूळ प्रत

“असा मुठीत नको धरू गं. कागदाला घाम लागते. कडेनं धर,” सुहासिनीबाई म्हणाल्या, तसं प्रणोतीने प्रमाणपत्र दोन बोटांत पकडलं.

आजीला नातीच्या तापापेक्षा कागदाच्या सुरकुतीची काळजी जास्त, असं प्रणोती आईला फोनवर सांगून हसायची.

कागद होताही तसाच मोलाचा. प्रणोती वाढली स्पेनमध्ये, वालेन्सियात. सातवीपर्यंत स्पॅनिश शाळा, मग त्याच गावातली ब्रिटिश शाळा. बारावीच्या तोडीची परीक्षा दिली ती ब्रिटिश मंडळाची. आता तिला वालेन्सियाच्याच विद्यापीठात समुद्री जीवांचा अभ्यास करायचा होता, तर घरापासून चार गल्ल्यांवर शिकलेली ही पोरगी स्पेनच्या दफ्तरात परदेशी ठरली. मूळ प्रमाणपत्र लंडनला पाठवायचं, तिथल्या कचेरीची मोहोर त्याच कागदावर घ्यायची, मग स्पेन ते मान्य करणार. मुदतीला सहा आठवडे उरले होते. सोमवारी कुरिअरवाला येणार होता.

जबलपूरला आजीकडे ती सहा महिन्यांसाठीच आली होती. तिचे बाबा, आलोक, तीन वर्षांपूर्वी गेले. आजोबा त्याआधीच गेलेले. “मूळ कागद सोबत आण. इथंच कॉलेजात नाव घालावं वाटलं तर?” असं आजीनेच फोनवर सांगितलं होतं. आजीला एकटं सोडून जायचं म्हटलं की प्रणोतीच्या जिवावर यायचं. पण तिकडे आईही एकटीच होती, आणि समुद्रही तिकडेच होता.

“जायचं तर जाय बाई,” आजी म्हणायची. “मी काहून अडवू? माझं काय, आज आहे, उद्या नाही.”

बैठकीत आलोकच्या तसबिरीशेजारी आजीच्या निवृत्तीचा मोठा फोटो होता. गळ्यात हार, हातात नारळ, मागे ऑफिसची खिडकी आणि तिच्यावर रंगवलेली पाटी.

“तू ऑफिसात काय करायचीस, आजी?”

“काय करणार? फायली इकडून तिकडं.”

प्रणोतीला मराठी बोलता येई, वाचता मात्र येत नव्हतं. दुकानात ती पुड्यांवरची चित्रं पाहून डाळ ओळखायची.

शनिवारी आजी स्वतःच बडा फुहाऱ्याच्या बाजारात झेरॉक्स काढायला निघाली. गुडघा दुखत होता, तरी रिक्षा करून गेली. “दोन-चार कॉप्या असू दे जवळ,” म्हणाली. तासाभराने परतली ती खुशीत.

“बघ, कसं पक्कं करून आणलं! चहा सांडो, पाणी सांडो, जन्मभर काही होत नाही आता.”

मूळ प्रमाणपत्र जाड, चकचकीत प्लास्टिकमध्ये लॅमिनेट होऊन कायमचं बंद झालं होतं.

प्रणोतीने प्लास्टिकच्या कडेवरून नख फिरवून पाहिलं. “मोहोर कागदावर बसते, आजी,” एवढंच ती कशीबशी म्हणाली.

दोघी पुन्हा रिक्षाने दुकानात धावल्या. दुकानदाराने एक कोपरा गरम करून प्लास्टिक उचकटून पाहिलं. प्लास्टिकसोबत शाई उचलून आली आणि प्रणोतीचं ‘घाटे’ हे आडनाव निघून गेलं. “अब नहीं निकलेगा बेटा,” म्हणत त्याने हात वर केले. ब्रिटिश परीक्षा मंडळाने कळवलं, फेरप्रतीला तीन महिने लागतील. विद्यापीठाने कळवलं, मुदत वाढणार नाही आणि जागा राखून ठेवता येणार नाही.

“आई, हे काय करून बसलात तुम्ही?” प्रणोतीची आई, दीपा, सासूला फोनवर एवढंच बोलली आणि रडायला लागली.

आजीने अन्न सोडलं. देवापुढे बसून स्वतःच्या थोबाडीत मारून घेतल्या. “माझ्या मेलीच्या हातानं पोरीचं वाटोळं झालं,” हेच दोन दिवस चालू होतं. शेवटी दीपानेच वालेन्सियाहून फोन करून सासूची माफी मागितली. “तुम्ही प्रेमानंच केलंत, आई. माझीच जीभ घसरली.”

प्रणोतीने तिसऱ्या दिवशी वरणभात कालवून आजीला घास भरवला. “तुला काय माहीत होतं गं? तुझी शपथ, मी आता कुठे जात नाही. इथेच शिकते. तीन वर्षं तुझ्याजवळ.”

आजीने घास गिळला आणि तिला पोटाशी धरलं.

दीपाने विद्यापीठाला नकाराचं पत्र पाठवलं आणि तिकडची प्रणोतीची खोली भाड्याने दिली. फेरप्रत आली, इथल्या कॉलेजात नावही घातलं गेलं. कॉलेजात हिंदी लागणार म्हणून आजी रोज संध्याकाळी पाटी घेऊन बसू लागली. शिकवायला भलती चिकाटीची. दोन महिन्यांत बाराखडी झाली, जोडाक्षरं झाली.

“मराठी असो का हिंदी, अक्षरं तीच,” एका संध्याकाळी आजी स्वयंपाकघरातून म्हणाली. “मी पोळ्या करून राहिली. तू दिसेल ते मोठ्यानं वाच. अडली का मी सांगतो.”

प्रणोतीने कॅलेंडर वाचलं. तेलाचा डबा वाचला. आजीने आतून दोनदा शाबासकी दिली. मग ती वाचण्यासारखं आणखी काही शोधत बैठकीत फिरली आणि निवृत्तीच्या फोटोपुढे थांबली. हारामागच्या पाटीवरची अक्षरं मोठी होती. तिने काचेवर बोट ठेवलं आणि एकेक अक्षर लावत मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

“स-त्या-प-न... सत्यापन खिड़की. ले-मि-ने-ट... लेमिनेट की हुई मूल अंकसूची... अ-मा-न्य... अमान्य होगी. आज्ञा से... सु-हा-सि-नी घाटे.”

आत लाटण्याचा आवाज थांबला.