उरलेली जागा

"बघा मॅडम, कथा थोडी कमी पडली तरी पान भरतं. ओळींमधलं अंतर हे सॉफ्टवेअरच जुळवून घेतं," विक्रेता कौतुकानं म्हणाला.

त्यानं आधी दाखवलेलं सॉफ्टवेअर यंत्रांच्या माहितीपुस्तिकांसाठी होतं, हे खास मासिकांसाठी. दिवाळी अंक तोंडावर आला होता. संपादक कुमुदिनीबाईंना आज काहीतरी निवडणं भागच होतं. अंकाची पानं लावणारे शेवडे उन्हाळ्यात वारले आणि त्यांचं जुनं सॉफ्टवेअर दुसऱ्या कुणाला उमगेना.

शेवडे अबोल माणूस. पण मजकूर पान भरायच्या आत संपला, की खालच्या मोकळ्या जागेत ते एक चिमणी काढायचे. बाईंना सर्दी झालेली असली, तर मफलर गुंडाळलेली. बाई घुश्शात असल्या, तर रुसलेली. "पुरे तुमचा पोरखेळ," म्हणत बाई पान तसंच छपाईला धाडायच्या. एकट्या राहणाऱ्या बाईंची विचारपूस व्हायची ती तेवढीच.

"मग हेच घेऊया ना?" विक्रेत्यानं विचारलं. "यात जागा वाया जातच नाही."

बाईंनी पडद्यावरच्या त्या भरगच्च पानाच्या तळाशी बोट ठेवलं.

"खाली थोडी जागा उरेल," त्यांनी हळूच विचारलं, "असं काही नाही का तुमच्याकडे?"