मागची आवृत्ती

इंदुमतीबाईंच्या कृत्रिम कानांवर परवा सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती चढली आणि त्यांचा नवरा मुका झाला. म्हणजे दिगंबरराव बोलत होते. पण त्यांच्या गळ्यातल्या जुन्या कृत्रिम स्वरयंत्राचा आवाज नव्या कानांना निव्वळ यंत्राची खरखर वाटायचा, आणि खरखर गाळणं हे तर त्या कानांचं कामच.

"काकांचा गळा बदलून घ्या," सेवा केंद्रातला नौशाद म्हणाला.

"तो गळा बनवणारी कंपनी कधीच बुडाली. माझे कान मागं न्या."

"काकू, मागच्या आवृत्तीत पंखा, हॉर्न, सगळं अंगावर येईल. पुढची दुरुस्तीही मिळणार नाही."

"येऊ दे अंगावर! ह्यांना कचऱ्यासारखं गाळणारे तुम्ही कोण?"

नौशादनं जुनी आवृत्ती चढवली.

पंखा घरघरला, बाहेरचा रस्ता किंचाळला. त्या गदारोळात शेजारच्या खुर्चीतून दिगंबररावांचा घोगरा आवाज आला, "कशाला गं हा हट्ट? जग पुढं गेलंय."

इंदुमतीबाई भांडायला वळल्या, तोच कानातल्या यंत्रातली बाई गोड आवाजात म्हणाली, "नवी आवृत्ती आली आहे. आत्ताच चढवायची का?"

"गप्प बैस, बये," त्या कडाडल्या. "हे बोलतायत."