शिवेवरचा सांधा

‘चुका : शून्य’ अशी ओळ स्क्रीनवर उमटली, तेव्हा दीपमाला नीरजाच्या खुर्चीमागे उभी होती. दीपमाला सावळखेड्याची सरपंच. पडेगावच्या या नकाशा कार्यालयात ती दुपारपासून बसून होती.

फाइल सहाला जाणार होती. कुठले रस्ते तुटलेले आहेत आणि कुठे पूल बांधायचे, ते याच फाइलवरून ठरणार होते. तुटलेल्या रस्त्यांत सावळखेड्याचे नाव नव्हते.

“आमचा रस्ता दाखवा बरं, ताई.”

नीरजाने नकाशा मोठा केला. शेजारच्या दोन तालुक्यांचे नकाशे दोन वेगळ्या कंपन्यांनी तयार केले होते. शिवेवर एकातला रस्ता दुसऱ्यातल्या रस्त्याला भिडत नव्हता. अशा सुटलेल्या टोकांवर संगणक चूक म्हणून लाल ठिपका लावी; ती टोके जुळवणे हेच नीरजाचे काम. हीही तिने जुळवली होती.

“बघा. सरळ पलीकडच्या बोरनांद्याला जातो. कुठेच तुटलेला नाही.”

“लई झ्याक,” दीपमाला म्हणाली. “मग सकाळी मी साडी खोचून कमरेएवढ्या पाण्यातून कशाला आले?”

नीरजाने उपग्रहाचे चित्र उघडले. दोन टोकांच्या मधोमध काळपट पट्टा होता. तिने त्याला झाडांची सावली समजले होते.

“ही नदी आहे?”

“व्हय. तीच आमची शीव.”

नीरजाने दोन्ही नकाशे पुन्हा तपासले. नदी एकातही नव्हती. ती शिवेवर होती, म्हणून प्रत्येक कंपनीने दुसरीची समजून सोडली होती.

“नीरजा, पाठव आता,” पलीकडच्या टेबलावरून तिचे वरिष्ठ मुकुंद म्हणाले. “लाल ठिपका ठेवू नकोस. ठेवणाऱ्याला जाब द्यावा लागतो. तुझं कंत्राट याच महिन्यात संपतंय, लक्षात आहे ना?”



दीपमाला खाली वाकली. तिचा आवाज उतरला होता.

“जोडून जोडून तुम्ही आमचा पूल खाल्ला, ताई. तेवढी रेघ तोडा.”

घड्याळात सहा वाजत आले होते. नीरजाने रस्त्याचा मधला तुकडा निवडला आणि पुसला. शिवेवर लाल ठिपका लागला. वरची ओळ बदलली, ‘चुका : एक’. तिने फाइल पाठवून दिली.

मुकुंद उठून आले. “ही चूक कुठून आली?”

दीपमालाने ठिपक्यावर बोट ठेवले.

“चूक नाय, साहेब. इथं आम्ही पाणी उतरायची वाट बघत बसतो.”