चहाला किती हात

"जगात बघा, खंबीर माणसं खुर्ची सोडतच नाहीत. आपल्या सोसायटीलाच निवडणुकीची हौस कशाला?" अध्यक्ष मिराशी सभेत म्हणाले. मग लगेच त्यांनी विचारलं, "बरं, चहा कोणाकोणाला?"

भराभर एकतीस हात वर गेले. सचिवांनी ते मोजून घेतले.

दुसऱ्या दिवशी फलकावर इतिवृत्त लागलं. मिराशी तहहयात अध्यक्ष! बाजूने एकतीस, विरोधात एक, श्रीमती कुमुद रेगे. कुमुदबाईंनी चष्मा पुसून ते पुन्हा वाचलं. जन्मात त्यांनी भाजीवाल्यालाही उलट उत्तर दिलं नव्हतं. पित्तामुळे चहा सोडला होता, एवढाच त्यांचा गुन्हा.

संध्याकाळपासून एकेक शेजारी दार वाजवू लागला. "बाई, तुम्ही बऱ्या सुटलात! कसं काय जमवलंत?"

"काही नाही हो, चहा सोडला." बाई खरं तेच सांगत राहिल्या.

इतिवृत्त कायम करायला पुढच्या महिन्यात सभा भरली. आल्याच्या चहाचा वास दरवळत होता. "चहा कोणाकोणाला?" मिराशींनी हसत विचारलं. एकही हात हलला नाही.

"अहो, झालंय काय सगळ्यांना?"

मागच्या रांगेत कुमुदबाई उभ्या राहिल्या.

"पित्त," त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या.