यंदा बिभीषण आला नाय

दुष्काळात मेंढरांनाही चारा छावणीत घ्या, हे सांगायला मेंढपाळांच्या संस्थेचे बिनपगारी अध्यक्ष काकासाहेब पुन्हा छावणीचे नियम ठरवणाऱ्या साहेबांसमोर बसले.

"छावणी फक्त गाई-म्हशींसाठी आहे," साहेब म्हणाले. "आणि तुमच्या दारात तर एक मेंढरू नाही. मग कशापायी चपला झिजवता?"

"आमच्या पडेगावात सगळीकडं प्लॉट पडले, साहेब. माझं रान अजून पिकतं, कारण दर उन्हाळ्यात तिथं मेंढरं बसतात. लेंडीखत चालतं, मग मेंढरू परकं कसं?"



"गावाकडं आमच्या रानातबी बिभीषण मेंढपाळ मेंढरं बसवायचा," साहेब म्हणाले. "यंदा दुष्काळानं आला नाय. वडील रोज वाट बघतात."

त्यांनी छावणीच्या नियमांचा मसुदा पुढं ओढला आणि पेन उघडलं.

"यात मेंढरं कुठं लिहू, सांगा."